पुस्तक मनात असताना पडद्यावरचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कसा पाहावा

जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी ज्यांनी मनापासून वाचली आहे, त्यांना पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट पाहताना एक ठरावीक अडचण येते. समोर जे दिसत असते त्यापेक्षा जे दिसत नाही त्याचीच यादी डोक्यात तयार होऊ लागते. टॉम बॉम्बाडिल कुठे गेला, ग्लोरफिंडेलच्या जागी आर्वेन का आली, बिल्बोची मेजवानी आणि फ्रोडोचे प्रस्थान यांमधली सतरा वर्षे कुठे विरली, असे प्रश्न इतक्या वेगाने येतात की चालू प्रसंग पाहायचाच राहून जातो. हे मार्गदर्शन अशाच वाचकांसाठी आहे. त्यातली मुख्य सूचना सुरुवातीलाच सांगतो: काय गाळले आहे हे मोजत बसण्यापेक्षा कोणते वाक्य, कोणते गाणे, कोणता प्रसंग मूळ जागेवरून उचलून कुठे नेऊन ठेवला आहे, हे पाहावे. जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयेन्स या पटकथाकारांनी पुस्तक किती बारकाईने वाचले होते आणि त्यांचा हात कुठे चुकला, या दोन्ही गोष्टी त्या हलवाहलवीतून सर्वांत स्पष्ट कळतात.

पाहण्यापूर्वी

संपूर्ण कादंबरी पुन्हा वाचून लगेच चित्रपट लावू नये. वाचन ताजे असले की प्रत्येक संवाद शब्दाशब्दाने ताडून पाहण्याचा मोह आवरत नाही. वाचन आणि चित्रपट यांच्यात काही महिने जाऊ द्यावेत. मात्र पहिल्या खंडातील दुसरे प्रकरण आदल्या दिवशी जरूर वाचावे. बॅग एन्डमध्ये, म्हणजे फ्रोडोच्या घरात, शेकोटीजवळ बसून जादूगार गॅन्डाल्फ फ्रोडोला सर्वांना भुलवणाऱ्या अंगठीचा इतिहास सांगतो, ते हे प्रकरण. पुढे पडद्यावर त्याचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी भेटणार आहेत आणि ते ओळखता आले तर पाहण्याची गोडी दुप्पट होते. ज्यांनी कादंबरी वाचलेलीच नाही आणि इंग्रजी गद्याचा विस्तार ज्यांना जड वाटतो, त्यांच्यासाठी मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे. निदान त्याचा पहिला खंड वाचून मगच चित्रपटाकडे वळावे, असा माझा आग्रह राहील.

पुस्तकाची रचनाही एकदा आठवून घ्यावी. १९५४ आणि १९५५ मध्ये ही कथा तीन खंडांत प्रसिद्ध झाली असली तरी टॉल्किन यांच्या लेखी ती एकच कादंबरी होती आणि तिचे अंतर्गत भाग सहा आहेत. तिसऱ्या भागात अ‍ॅरागॉर्न, लेगोलास, गिम्ली, मेरी आणि पिपिन आहेत. चौथ्या भागात फक्त फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि अंगठीच्या मागे लागलेला गॉलम. एका भागात दुसऱ्या भागातील माणसांचा मागमूस नसतो. चित्रपटाने हे दोन्ही धागे एकमेकांत विणले आहेत. हा एक बदल ध्यानात असला की पुढचे निम्मे बदल आपोआप समजतात.

प्रत्येक चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत. २००१, २००२ आणि २००३ मध्ये चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्त्या अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटांच्या आहेत. नंतर घरी पाहण्यासाठी काढलेल्या विस्तारित आवृत्त्यांत अनुक्रमे सुमारे ३०, ४४ आणि ५० मिनिटांची भर आहे. पुस्तकप्रेमी मंडळी सहसा थेट विस्तारित आवृत्तीकडे धावतात. माझे मत थोडे वेगळे आहे. पहिला आणि तिसरा चित्रपट प्रथम चित्रपटगृहातल्या स्वरूपात पाहावा, कारण त्यांचा वेग त्या स्वरूपात अधिक बांधेसूद आहे. दुसरा मात्र पहिल्या खेपेपासून विस्तारितच पाहावा. फॅरामिर, बोरोमिर आणि त्यांचा बाप डेनेथॉर हे तिघे ऑसगिलियाथ या उद्ध्वस्त नगरात एकत्र दिसतात, असा पूर्वीचा एक प्रसंग फक्त त्याच आवृत्तीत आहे आणि त्याच्याशिवाय चित्रपटातला फॅरामिर अर्धवट राहतो. तिन्ही चित्रपट एका बैठकीत उरकण्याचा पराक्रम करू नये. एका संध्याकाळी एकच पाहावा. विस्तारित पहिला भाग मध्येच थांबवायचा असेल तर एल्रॉन्डच्या सभेत अंगठी नष्ट करायला निघणाऱ्या नऊ जणांची निवड होते तिथे थांबवावा. मूळ डिस्कही तिथेच बदलावी लागते.

भाषा मूळ इंग्रजीच ठेवावी आणि उपशीर्षके चालू ठेवावीत. टॉल्किन हे भाषाशास्त्रज्ञ आणि ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते. एल्फ लोकांच्या सिंडारिन आणि क्वेन्या या भाषा त्यांनी कथेच्या आधीपासून घडवायला घेतल्या होत्या. चित्रपटात त्या प्रत्यक्ष कानावर पडतात. ध्वनिमुद्रित भाषांतरात त्या भाषांचा आणि नटांच्या आवाजांचा परस्परांशी असलेला मेळ बिघडतो.

पहिल्या खेपेला

पहिल्या खेपेला तुलना करायची नाही, असे नुसते ठरवून भागत नाही. मनाला काहीतरी काम द्यावे लागते. जवळ एक कागद ठेवावा आणि जिथे 'हे असे नव्हते' असे वाटेल तिथे एकच शब्द टिपावा: 'आर्वेन', 'पाव', 'एल्फ सैन्य'. कारणमीमांसा तेव्हा करू नये. टिपले की मन मोकळे होते आणि पुढचा प्रसंग नीट पाहता येतो. शेजारी पुस्तक न वाचलेली व्यक्ती बसली असेल तर तिला मध्येच मूळ कथा सांगू नये. तिच्यासाठी मोरिया या भूगर्भातील नगरातल्या पुलावर गॅन्डाल्फचे काय होते हे अजून घडायचे आहे, आणि तो धक्का तिच्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. बरोबर लहान मुले असतील तर तिसऱ्या चित्रपटातील शेलॉब या अजस्र कोळिणीचा प्रसंग आधी स्वतः पाहून मग त्यांना दाखवायचा की नाही हे ठरवावे.

दुसऱ्या खेपेला, पुस्तक उघडे ठेवून

खरे पाहणे इथे सुरू होते. टिपलेला कागद आणि पुस्तक शेजारी ठेवावे, आणि या वेळी चित्रपट हवा तितका थांबवावा.

सुरुवात मोरियापासून करावी. अंधारात तीन वाटा फुटतात, गॅन्डाल्फला रस्ता आठवत नाही, सगळे बसून राहतात आणि फ्रोडोला मागून येणारा गॉलम दिसतो. बिल्बोने त्याला तेव्हाच मारले असते तर बरे झाले असते, असे फ्रोडो म्हणतो, आणि बिल्बोचा हात करुणेने आवरला होता, असे गॅन्डाल्फ त्याला सांगतो. पुस्तकात हा संवाद बॅग एन्डमधल्या त्याच दुसऱ्या प्रकरणात आहे, प्रवास सुरू होण्याच्या पुष्कळ आधी. तिथे गॉलम ही नुसती ऐकीव गोष्ट आहे. मोरियात तो काही पावलांवर आहे. शिवाय थोड्याच वेळात गॅन्डाल्फ कोसळणार असल्याने हे बोलणे त्याने फ्रोडोला केलेला शेवटचा उपदेश ठरते. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी नदीकाठी एकट्या उभ्या असलेल्या फ्रोडोच्या कानात याच संवादातील शब्द पुन्हा येतात. ही जागा बदलून पटकथाकारांनी मूळ मजकुराला जराही धक्का न लावता त्याचे वजन वाढवले आहे.

याहून सूक्ष्म उदाहरण तिसऱ्या चित्रपटात आहे आणि त्यावर वेळ घालवावा असे ते आहे. गॉन्डोरच्या राजधानीत, मिनास टिरिथच्या दरबारात, डेनेथॉर जेवायला बसला आहे. आपल्या धाकट्या मुलाला त्याने नुकतेच ऑसगिलियाथवर चाल करून जायला पाठवले आहे, म्हणजे जवळजवळ मरायलाच. तो पिपिनला गायला सांगतो. पिपिन गातो, डेनेथॉर मांस तोडतो, टोमॅटो चावतो, लाल रस हनुवटीवरून ओघळतो आणि मधूनमधून फॅरामिरचे घोडेस्वार दौडताना दिसतात. हे गाणे पुस्तकातलेच आहे, पण तिथे फ्रोडो, सॅम आणि पिपिन ते शायर या आपल्या मुलखातल्या संध्याकाळी चालता चालता म्हणतात. शब्द बिल्बोने रचलेले असतात आणि चाल फार जुनी असते. आता पुस्तक उघडून शेवटचे कडवे काढावे. त्याच्या पूर्वार्धात घर मागे राहते आणि जग पुढे उभे असते. उत्तरार्धात जग मागे पडते आणि घर पुढे येते, मग शेकोटी, दिवा, जेवण आणि अंथरूण. चित्रपटाने पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्धातल्या परतीच्या ओळी सोडून दिल्या. फॅरामिरच्या स्वारांसाठी परतीची ओळ गाणे शक्यच नव्हते. आणखी एक गोष्ट पाहावी: पुस्तकात हे गाणे संपते न संपते तोच फ्रोडो सर्वांना गप्प करतो, कारण त्याला घोड्याच्या टापा ऐकू आलेल्या असतात. गाण्याच्या पाठोपाठ मृत्यूचे घोडे येणे हे मूळचेच आहे. चित्रपटाची चाल मात्र नवी आहे. पिपिनची भूमिका करणाऱ्या बिली बॉइड यांनी ती स्वतः बांधली.

याच पद्धतीने आणखी तीन जागा शोधाव्यात. वेढ्यात गॅन्डाल्फ पिपिनला मरणापलीकडच्या शुभ्र किनाऱ्यांविषयी आणि हिरव्या प्रदेशाविषयी सांगतो, ते वर्णन पुस्तकात अगदी शेवटी, फ्रोडोच्या समुद्रप्रवासात, निवेदकाच्या तोंडी येते. वर्मटंग हा कपटी सल्लागार रोहनच्या राजाची भाची एओविन हिला रात्रीच्या एकांतातील तिच्या कोंडमाऱ्याविषयी जे बोलतो, ते पुस्तकात गॅन्डाल्फ तिच्या रुग्णशय्येजवळ सहानुभूतीने बोलतो. तेच निरीक्षण हितचिंतकाच्या तोंडी औषध ठरते आणि कपटी माणसाच्या तोंडी विष. विस्तारित दुसऱ्या चित्रपटात झाडाच्या मुळांत अडकलेल्या मेरी-पिपिनला ट्रीबिअर्ड हा चालता-बोलता वृक्ष सोडवतो, तिथे त्याच्या तोंडी आलेले शब्द खुद्द टॉम बॉम्बाडिलचे आहेत. तेव्हा बॉम्बाडिल अगदीच हरवलेला नाही.

जिथे जागा बदलल्याने नुकसान झाले

काळ्या दरवाजासमोर शत्रू सॉरॉनचा दूत फ्रोडोचे चिलखत फडकावतो, तो प्रसंग पुस्तकात भयंकर आहे. कारण चौथा भाग फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो तिथे संपलेला असतो, आणि सॅमने त्याला सोडवल्याचे वाचकाला सहाव्या भागापर्यंत कळत नाही. चिलखत पाहताना अ‍ॅरागॉर्नला जितके माहीत असते तितकेच आपल्यालाही माहीत असते. चित्रपटात धागे एकत्र विणल्यामुळे फ्रोडो मोकळा झाल्याचे आपण आधीच पाहिलेले असते. हा प्रसंग विस्तारित आवृत्तीत आहे, पण त्यातली भीती निघून गेली आहे. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत तो गाळला, हे योग्यच झाले.

फॅरामिरबद्दलचा राग मी समजू शकतो. पुस्तकात तो सांगतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी ती उचलणार नाही, आणि फ्रोडोला जाऊ देतो. चित्रपटात तो दोघांना कैदी म्हणून ऑसगिलियाथपर्यंत नेतो. अंगठी सर्वांना भुलवते असे इतका वेळ दाखवल्यावर एक माणूस तिला सहज नकार देतो असे दाखवले तर तिचा धाक उरणार नाही, असे पटकथाकारांचे म्हणणे होते. शिवाय शेलॉबचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यामुळे दुसऱ्यात फ्रोडोच्या वाटचालीला काहीतरी कळस हवा होता. युक्तिवाद समजण्यासारखा आहे, तरी पुस्तकातला फॅरामिर अधिक मोठा आहे, असे माझे मत आहे. ऑसगिलियाथमध्ये सॅम म्हणतो की खरे तर आपण इथे असायलाच नको होते. पुस्तक वाचलेल्या माणसाला त्या वाक्याचा दुसरा अर्थही लगेच ऐकू येतो.

सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर पावाच्या चुऱ्यावरून फ्रोडो सॅमला परत जायला सांगतो, हे मात्र मला कधीच पटलेले नाही. पुस्तकात याला कसलाही आधार नाही. फ्रोडोने शेलॉबच्या बोगद्यात एकट्याने शिरावे यासाठी ही जुळवाजुळव केलेली दिसते, पण त्यासाठी दोघांच्या नात्याचा कणाच वाकवला गेला. अग्निपर्वताच्या कड्यावरचा बदल लहान दिसतो आणि अर्थाने फार मोठा आहे. पुस्तकात अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता गॉलमचा पाय घसरतो; चित्रपटात बोट तुटलेला फ्रोडो उठून त्याच्याशी झटतो आणि दोघे कड्यावरून कोसळतात. बिल्बोने आणि नंतर फ्रोडोने गॉलमला जिवंत सोडले, केवळ त्या करुणेमुळेच अंगठी नष्ट झाली, हे मोरियातल्या संवादाचे फळ त्या झटापटीत झाकोळून जाते.

शायरची साफसफाई, म्हणजे घरी परतलेल्या फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन या चौघांना आपला गाव गुंडांच्या ताब्यात गेलेला दिसतो ते प्रकरण, चित्रपटात नाही. गॅलाड्रिएलच्या जलदर्पणात त्याची ओझरती झलक तेवढी दिसते. कथेच्या दृष्टीने हा भाग आवश्यक असल्याचे टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आहे. तरी त्याच्या जागी जे आले ते नीट पाहावे: चौघे ग्रीन ड्रॅगनमध्ये पेले घेऊन बसले आहेत, आजूबाजूची मंडळी एका भल्यामोठ्या भोपळ्याचे कौतुक करत आहेत, आणि या चौघांकडे कोणी वळूनही पाहत नाही. गाव सुरक्षित आहे, पण त्यांचे अनुभव सांगायला तिथे कोणी नाही. पुस्तकातला फ्रोडोही शेवटी शायरमध्ये असाच दुर्लक्षित राहतो.

या सगळ्या वादांत खुद्द टॉल्किन यांचा कौल हवा असेल तर तो आहे. १९५८ मध्ये त्यांच्यासमोर एका नियोजित चित्रपटाचा आराखडा आला होता आणि त्यावर त्यांनी सविस्तर, बऱ्याच ठिकाणी संतापून, लेखी टिपण केले. कथनाची तत्त्वे माध्यम बदलले म्हणून पूर्णपणे बदलत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. ट्रीबिअर्डचे एन्ट लोक आणि हेल्म्स डीपची लढाई या दोहोंना पुरेसा वेळ देता येत नसेल तर लढाई गाळावी, असेही त्यांनी सुचवले. पुस्तकात ती लढाई एका प्रकरणात संपते. जॅक्सन यांनी दुसरा चित्रपट तिच्याभोवतीच उभा केला. त्याच टिपणात सारुमान या फितूर जादूगाराबद्दल एक मजकूर आहे: कथेचा शेवट गाळणार असाल तर सारुमानला मारण्याचे कारण नाही. विस्तारित तिसऱ्या चित्रपटात तो आपल्या ऑर्थांक मनोऱ्याच्या माथ्यावरून पडून मरतो. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत तो दिसतच नाही, मनोऱ्यात कोंडलेलाच राहतो. या एका बाबतीत तोकडी आवृत्ती लेखकाच्या मताशी अधिक जुळते.

कान आणि डोळे

तिसऱ्या खेपेला कथा बाजूला ठेवून फक्त संगीत ऐकावे. हॉवर्ड शोर यांनी प्रत्येक संस्कृतीला स्वतंत्र सुरावट दिली आहे. रोहनची सुरावट हार्डांगर या नॉर्वेच्या फिडलवर वाजते. गॉन्डोरची सुरावट त्या नगराचे दर्शन होण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच चित्रपटात, एल्रॉन्डच्या सभेत बोरोमिर बोलायला उठतो तेव्हा ऐकू येते. नऊ सोबत्यांची सुरावट आधी तुकड्यातुकड्यांनी येते, ते रिव्हेंडेलहून निघाल्यावर पूर्ण बहरते आणि गॅन्डाल्फ गेल्यानंतर पुन्हा विखुरते. पुस्तकातली कित्येक गाणी चित्रपटात नाहीत, पण ती करत होती ते काम बऱ्याच अंशी या सुरावटींनी केले आहे.

दृश्यांच्या बाबतीत अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ ही दोन नावे लक्षात ठेवावीत. टॉल्किन यांच्या जगाची चित्रे काढणारे हे दोघे चित्रकार चित्रपटाच्या संकल्पचित्रांसाठी न्यूझीलंडला गेले होते. सचित्र आवृत्तीतील ली यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना रिव्हेंडेल ओळखीचे का वाटते, याचे उत्तर तिथे आहे. बॅग एन्डमध्ये गॅन्डाल्फ आणि फ्रोडो एका मेजाशी बसलेले दिसतात, तेव्हा दोघे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतात. मेजाचीच रचना अशी केलेली आहे की मागे बसलेला फ्रोडो लहान भासावा. मिनास टिरिथसाठी खोलीभर मोठी प्रतिकृती बांधली होती.

नंतर

चित्रपट संपल्यावर तिसऱ्या खंडाची परिशिष्टे काढावीत, विशेषतः परिशिष्ट 'अ'मधील अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेन यांची कथा. बहुतेक वाचक ती पाने उलटून पुढे जातात, पण चित्रपटातल्या आर्वेनच्या भूमिकेचा बराचसा भाग तिथूनच आला आहे. दुसऱ्या चित्रपटात एल्रॉन्ड आपल्या मुलीला तिचे भविष्य सांगतो आणि पडद्यावर अ‍ॅरागॉर्नचे कलेवर, मग झाडांमध्ये एकटी फिरणारी काळ्या वस्त्रांतली आर्वेन दिसते. परिशिष्टातील शेवटची दोन पाने वाचून तो प्रसंग पुन्हा लावावा. पुस्तकात तो मृत्यू टॉल्किन यांनी खरोखर घडलेला म्हणून लिहिला आहे. एल्रॉन्ड तिथे तो सांगत नाही, आर्वेन तो जगते.